मापांतील चूक आणि घाटांतील दिवा

जगांतील मोठमोठे अनर्थ मोठ्या कारणांनींच घडतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. धरण फुटलें तर पूर प्रचंड आला असला पाहिजे, पूल पडला तर भार अतोनात झाला असला पाहिजे, असें आपण सहज मानून चालतों. परंतु अनुभव पुष्कळदां निराळेंच सांगतो. बांधाला खेकड्यानें पाडलेलें एक बीळ किंवा हिशेबाच्या वहींत राहून गेलेला एक आंकडा एवढ्यानेंहि अनर्थ ओढवतो. अशाच एका आंकड्याची हकीकत मी आज आपल्या शाळेच्या वार्षिकांतून विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या वडील मंडळींना सांगणार आहें. हकीकत संगणकाविषयींची आहे, म्हणून कोणीं बिचकून जाऊं नये. ज्याला साधी वजाबाकी येते त्याला ती पूर्णपणें समजेल.

प्रथम माझ्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. या शाळेच्या बाकांवर मी अंकगणित शिकलों, पुढें संगणकशास्त्र शिकलों, आणि आज कित्येक वर्षें एका तालुक्याच्या गांवीं असलेल्या इस्पितळांतील संगणकांची देखभाल करीत आहें. हें काम दिमाखाचें नव्हे. यंत्रें नीट चाललीं म्हणजे माझी कोणास आठवण होत नाहीं; बंद पडलीं म्हणजे सर्वांस एकदम होते. रोग्यांचे कागद, रक्ततपासणीचे निकाल, औषधांचा सांठा, सारें कांहीं आतां या यंत्रांच्या पोटांत असतें. म्हणून ज्या चुकीची गोष्ट मी सांगणार आहें, ती माझ्या दृष्टीनें केवळ पुस्तकांतली गोष्ट नाहीं.

प्रत्येक संगणकाचा कारभार पाहणारी एक यंत्रणा असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आणि तिच्या अगदीं गाभ्याच्या भागाला कर्नेल असें नांव आहे. एखाद्या जुन्या वाड्याचें चित्र डोळ्यांपुढें आणा. वाड्यांत अनेक बिऱ्हाडें राहतात. प्रत्येक बिऱ्हाडकरूजवळ आपापल्या खोलीची किल्ली असते, पण शेजाऱ्याच्या खोलीची नसते. वाड्याच्या कारभाऱ्याजवळ मात्र सर्व कुलुपांच्या किल्ल्या असतात. आपण संगणकावर पत्र लिहितों, चित्र पाहतों किंवा गाणें ऐकतों, तीं कामें करणारे प्रोग्रॅम हे बिऱ्हाडकरू होत, आणि कर्नेल हा कारभारी होय. बिऱ्हाडकरूनें चूक केली तर त्याचीच खोली बिघडते. कारभाऱ्याला चोरानें फसविलें तर सगळा वाडा उघडा पडतो.

आतां या वाड्यांतील सामान कसें ठेवतात तें पाहूं. संगणकाची स्मृति म्हणजे लहान लहान खणांची एक अतिशय लांब रांग असते. बाहेरून कांहीं मजकूर आला म्हणजे कारभारी आधीं त्याचें माप घेतो, तितके खण राखून ठेवतो आणि मग त्यांत मजकूर भरतो. शंभर खण राखले आणि दोनशें वस्तु ओतल्या, तर उरलेल्या शंभर वस्तु हवेंत राहत नाहींत. त्या शेजारच्या खणांत पडतात आणि तेथें जें असेल तें पुसून टाकतात. त्या शेजारच्या खणांत कारभाऱ्याची स्वतःची टिपणें असलीं, तर बाहेरच्या माणसानें पाठविलेले शब्द त्याच्या टिपणांवर उमटतात, आणि पुढें तो त्याच शब्दांप्रमाणें वागूं लागतो. धूर्त माणसाला याहून अधिक काय पाहिजे?

बहुतेक कर्नेल ज्या सी नांवाच्या भाषेंत लिहिलेले आहेत, ती भाषा १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं तयार केली. ती चपळ आहे, काटकसरी आहे. परंतु खण किती राखले आणि वस्तु किती ओतल्या याचा ताळा ती स्वतः पाहत नाहीं. ती जबाबदारी तिनें लिहिणाऱ्यावर सोपविली आहे. लिहिणारा माणूसच असल्यामुळें केव्हां ना केव्हां त्याची नजर चुकते. अशा चुकींतून निर्माण होणाऱ्या दोषाला स्मृतिसुरक्षेचा दोष म्हणतां येईल.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या ऑपरेटिंग सिस्टिममध्यें असाच एक दोष अनेक वर्षें दडून होता. एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावरून पाहतां यावी, यासाठीं एसएमबी नांवाची जुनी व्यवस्था होती, आणि तिचें काम कर्नेलमध्यें चालत असे. फाइलसंबंधीं कांहीं माहितीची यादी बाहेरून आली, कीं कर्नेल ती जुन्या पद्धतींतून नव्या पद्धतींत उतरवून घेई. यादींत एखादी नोंद सदोष आढळली, तर तेथपर्यंतच्याच नोंदी घ्यावयाच्या आणि यादीच्या लांबीचा आंकडा तेवढा कमी करावयाचा, असा नियम होता. नियम उत्तम होता. त्याच्या अंमलांत चूक झाली.

ती चूक वाण्याच्या वहीवरून समजून घेऊं. वहींत लिहिलें आहे, कीं शंभर शेर धान्य येणार. तपासतांना दोन शेर नासकें निघालें. म्हणून १०० चे ९८ करावयाचे. कारकुनानें काय केलें, तर शेवटचे दोन आंकडे खोडून त्यांच्या जागीं ९८ लिहिले. पण डावीकडचा एक तसाच राहूं दिला. वहींत झाले १९८! कोठी बांधली ती अठ्ठ्याण्णव शेरांच्या अंदाजानें, आणि धान्य ओतलें तें १९८ शेरांच्या हिशेबानें. विंडोजच्या कर्नेलमध्यें अक्षरशः हेंच घडत होतें. लांबीची संख्या मोठ्या घरांत लिहिलेली असे, आणि दुरुस्ती मात्र तिच्या खालच्या अर्ध्या भागांतच केली जाई. हल्ला करणाऱ्यांनीं मुद्दाम ६५,५३६ लांबीची यादी पाठविली. ती दुरुस्त होऊन ६५,३७३ व्हावयास पाहिजे होती, ती झाली १,३०,९०९. कमी करतां करतां संख्या जवळजवळ दुप्पट झाली, आणि जास्तीचा सर्व मजकूर शेजारच्या खणांवर जाऊन पडला.

ही चूक लिहिणारा कोणी दुष्ट होता असें मानण्याचें कारण नाहीं. हातचा विसरलेल्या विद्यार्थ्यासारखाच तो एक माणूस. परंतु पुढें जें घडलें, तें मात्र विसरभोळेपणाचें नव्हतें.

हा दोष अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या सरकारी संस्थेस ठाऊक झाला. तिनें त्याच्यापासून परक्या संगणकांत शिरण्याचें एक हत्यार बनविलें. त्याचें नांव इटर्नलब्लू. पांच वर्षांहून अधिक काळ तें हत्यार वापरांत होतें, आणि दोषाची वार्ता विंडोज तयार करणाऱ्या कंपनीस देण्यांत आली नव्हती, असें वॉशिंग्टन पोस्ट या पत्रानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें त्या संस्थेचीं हत्यारें चोरीस गेलीं, तेव्हां कोठें कंपनीस सूचना मिळाली. १४ मार्च २०१७ रोजीं कंपनीनें या भोकावर लावावयाचें ठिगळ, म्हणजे पॅच, सर्वांसाठीं खुलें केलें. १४ एप्रिल रोजीं शॅडो ब्रोकर्स असें नांव घेणाऱ्या अज्ञात टोळीनें तें हत्यार जगापुढें फेकून दिलें. आणि १२ मे रोजीं, शुक्रवारीं, वॉनाक्राय नांवाचा उत्पात सुरू झाला.

वॉनाक्राय संगणकांत शिरून सर्व फाइलींना कुलूप ठोकी, आणि कुलूप उघडण्यासाठीं तीनशें डॉलरची खंडणी बिटकॉइनच्या रूपानें मागे. एका यंत्रांतून दुसऱ्यांत जाण्यास त्याला कोणाच्या हाताची गरज नव्हती. तें त्याच मापाच्या चुकीमधून आपोआप सरकत असे. थोड्याच दिवसांत सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांवर संगणक त्याच्या तावडींत सांपडले. इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ विश्वस्त संस्थांपैकीं निदान ८० संस्थांच्या कामास बाधा पोंचली, आणि रोग्यांच्या सुमारें १९,००० भेटी रद्द झाल्या असाव्या असा अंदाज पुढें करण्यांत आला. कांहीं ठिकाणीं अपघाताच्या रोग्यांस दूरच्या इस्पितळांकडे न्यावें लागलें. मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणानें त्या उत्पाताच्या पोटांत लिहिलेला एक न नोंदलेला पत्ता स्वतःच्या नांवें नोंदविला, तेव्हां त्याचा वेग ओसरला. एरवीं हानि किती झाली असती हें सांगवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं, शनिवारीं पहाटेंच, मी आमच्या इस्पितळांत गेलों. आमच्या बहुतेक यंत्रांना ठिगळ एप्रिलमध्येंच लावलेलें होतें. प्रश्न होता तो क्ष-किरणांच्या खोलींतील एका जुन्या संगणकाचा. त्यावर विंडोज एक्सपी होती, आणि त्या आवृत्तीची देखभाल कंपनीनें २०१४ सालींच थांबविली होती. क्ष-किरणांचें यंत्र त्या संगणकावांचून चालत नसे, आणि नवें यंत्र घेण्याची इस्पितळाची ऐपत नव्हती. मीं त्याची जोडणीची तार काढून ठेवली. त्यामुळें चित्रें डॉक्टरांच्या पडद्यावर जाईनात. तेव्हां वॉर्डबॉयनें दिवसभर छापलेल्या प्लेटा हातांत घेऊन जिने चढावे आणि उतरावे, असें चाललें. एका म्हाताऱ्या बाईंच्या खुब्याचें हाड मोडलें होतें. त्यांची प्लेट पोंचण्यास उशीर झाला म्हणून त्यांचा मुलगा माझ्यावर रागावला. मीं त्याला काय सांगावें? अमेरिकेंत एक भोक गुप्त ठेविलें गेलें, म्हणून तुमची आई येथें स्ट्रेचरवर खोळंबली आहे, हें वाक्य माझ्या तोंडून निघेना. सुदैवानें कंपनीनें त्याच सुमारास जुन्या आवृत्तीसाठींहि ठिगळ दिलें. तें लावून, तपासून, मग मीं तार पुन्हां जोडली.

एवढ्यानें तें प्रकरण संपलें असतें, तर मीं हा लेख कदाचित् लिहिला नसता. पण त्याच वर्षीं २७ जून रोजीं, मंगळवारीं, नॉटपेट्या नांवाचा दुसरा उत्पात उठला. युक्रेन देशांतील करांचा हिशेब ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या वाटेनें तो निघाला, आणि इटर्नलब्लूच्या व चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या जोरावर देशोदेशीं पसरला. डेन्मार्कच्या एका बलाढ्य जहाज कंपनीचे जगभरचे संगणक कांहीं तासांत निकामी झाले. तिला पुढें चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्यानें उभे करावे लागले. त्या कामास लागणारी एक मूळ नोंद आफ्रिकेंतील घाना देशांत तेवढी शाबूत मिळाली, आणि तीहि कां, तर हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेली होती म्हणून! त्या कंपनीच्या जाळ्यांतील एक धक्का आपल्या रायगड जिल्ह्यांतील न्हावाशेवा बंदरांतहि होता. तेथील यंत्रें थांबलीं, आणि कंटेनर कोठें ठेवला आहे, कोणाचा आहे, कोणत्या जहाजावर चढवावयाचा आहे, हें सांगणारें कोणी उरलें नाहीं.

माझे मामा त्या काळीं ट्रेलर चालवीत असत. लासलगांवच्या कांद्याचा कंटेनर घेऊन ते कसारा घाट उतरून न्हावाशेव्यास निघाले होते, ते बंदराबाहेरच्या गाड्यांच्या रांगेंत अडकले. पाऊस लागला होता. दोन रात्रीं त्यांनीं गाडींतच काढल्या. डिझेल, जेवण, चहा यांचा खर्च चालू होता आणि खेप मात्र पुरी होत नव्हती. खेपेमागें मजुरी मिळणाऱ्या माणसाला थांबलेलें चाक म्हणजे काय, हें ज्याच्या घरांत असा माणूस आहे त्यालाच कळेल. कांदा तर मुका माल; त्याला दमट हवा सोसत नाहीं, आणि तो कोणाची वाटहि पाहत नाहीं. कंटेनर अखेर आंत गेला, पण त्या महिन्याच्या दोन खेपा बुडाल्या, आणि धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या मामेबहिणीच्या, महाविद्यालयाची फी मामांनीं उसनवारी करून भरली.

पुढें ते आमच्या घरीं आले, तेव्हां त्यांनीं मला विचारलें, "अरे, तूं संगणकांतला माणूस ना? माझी गाडी ठीक, टायर ठीक, कागद ठीक. मग अडलें कोठें?" मीं त्यांना वर सांगितलेली वाण्याच्या वहीची गोष्ट सांगितली. वजनकांट्यावर ज्यांचा जन्म गेला त्यांना मापाची चूक समजावयास किती वेळ लागणार? ते हंसले आणि म्हणाले, "चूक कोणाच्याहि हातून होईल." मग मीं पुढची गोष्ट सांगितली, कीं ही चूक कांहीं लोकांना वर्षानुवर्षें माहीत होती. त्यासरशीं त्यांचा चेहरा पालटला.

"माहीत होती, आणि सांगितली नाहीं?" ते म्हणाले. "आमच्या घाटांत दरड कोसळली, तर समोरून येणारा गाडीवाला दिवा मारून सांगतो. ना ओळख ना पाळख. पंजाबचा असो कीं केरळचा. गाडी बंद पडली, तर मागें दगड अन् झाडाच्या फांद्या मांडतों आम्ही, म्हणजे रात्रीं दुसरा कोणी येऊन आदळूं नये. यांना रस्त्यांत एवढा खड्डा दिसला, आणि हे पांच वर्षें गप्प बसले? रस्ता काय त्यांच्या एकट्याचा होता?"

मामांचें शिक्षण सातव्या इयत्तेपुढें गेलेलें नाहीं. परंतु या विषयावर विद्वानांनीं लिहिलेले जे लेख मीं वाचले आहेत, त्यांत याहून नेमका प्रश्न मला आढळला नाहीं. त्याला उत्तर देणारे लोक आहेत, आणि तें उत्तरहि न्यायानें सांगितलें पाहिजे. राष्ट्राला शत्रु असतात. शत्रूच्या घरांतील बातमी काढण्यास गुप्त वाट लागते. ती वाट जाहीर केली तर हातची जाते, असें ते म्हणतात. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण शत्रु ज्या विंडोजवर चालतो तिच्यावरच आपलीं इस्पितळें, बंदरें आणि बँकाहि चालतात. शत्रूच्या दारापुढचा खड्डा आणि आपल्या दारापुढचा खड्डा एकच असेल, तर तो झांकून ठेवणारा मनुष्य शत्रूला जितकें फसवितो तितकेंच स्वकीयांनाहि फसवितो. आणि गुप्त हत्यार कुलुपांत राहीलच, याची हमी कोण देणार? येथें तर खुद्द हेरांच्या घरांतूनच चोरी झाली.

मात्र सगळा दोष गप्प बसणाऱ्यांच्या माथीं मारून आपण मोकळे झालों, तर तेंहि न्यायाचें होणार नाहीं. दिवा दिसल्यावर गाडी हळू करणें हें मागून येणाऱ्याचें काम असतें. वॉनाक्रायच्या आधीं जवळजवळ दोन महिने ठिगळ तयार होतें. इंग्लंडांतील ज्या यंत्रांवर घाला पडला, त्यांपैकीं बहुतेक यंत्रांना तें मिळण्यासारखें होतें, पण लावलेलें नव्हतें. याचीं कारणें मी जाणतों. इस्पितळाचें यंत्र वाटेल तेव्हां बंद ठेवतां येत नाहीं. ठिगळ लावतां दुसरेंच कांहीं बिघडेल ही भीति असते. आणि आज कांहीं झालें नाहीं म्हणून उद्यांहि होणार नाहीं, असें मनाला वाटत असतें. तरीहि घर गळतें हें कळल्यावर कौलें चाळण्याचें काम पावसाळ्यावर ढकलणाऱ्याला शहाणा कोण म्हणेल?

या दोन्हीं बाजूंनीं सुधारणा होत आहे, हें सांगण्यास मला आनंद वाटतो. दोष शोधून काढणारे अनेक तज्ज्ञ आतां तो प्रथम गुपचूप निर्मात्याला कळवितात, दुरुस्तीसाठीं ठराविक मुदत देतात, बहुधा नव्वद दिवसांची, आणि मग सर्वांना सांगतात. हा घाटांतल्या दिव्याचाच प्रकार होय. दुसरी सुधारणा मुळाशीं जाणारी आहे. आपण दर वर्षीं ज्या दोषांना ठिगळें लावतों त्यांपैकीं सुमारें सत्तर टक्के दोष या एकाच जातीचे, म्हणजे स्मृतिसुरक्षेचे असतात, असें मायक्रोसॉफ्टच्या तज्ज्ञांनीं २०१९ सालीं सांगितलें. म्हणून खण आणि वस्तु यांचा ताळा स्वतःच पाहणाऱ्या भाषा पुढें येत आहेत. रस्ट ही त्यांपैकीं एक. तिची पहिली स्थिर आवृत्ति २०१५ सालीं निघाली, आणि डिसेंबर २०२२ मध्यें लिनक्सच्या कर्नेलमध्येंहि तिला प्रवेश मिळाला. जुना वाडा एका दिवसांत नवा होत नाहीं. पण नव्या भिंती तरी ओळंब्यांत उभ्या राहूं लागल्या आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें असे प्रोग्रॅम लिहितील, कांहीं यंत्रांची राखण करतील, आणि बरेच जण शेती, व्यापार, शिक्षण अशा अन्य धंद्यांत जातील. धंदा कोणताहि असो, तुमच्या कामावर ज्यांचें सुखदुःख अवलंबून आहे अशीं माणसें तुमच्या दृष्टीआड असणार. स्ट्रेचरवरची म्हातारी आणि पावसांत थांबलेला गाडीवाला यांनीं तो कर्नेल कधीं पाहिला नव्हता, आणि ज्यानें तो लिहिला त्यानेंहि त्यांना कधीं पाहिलें नव्हतें. म्हणून गणित सोडविल्यावर ताळा करून पाहण्याचा गुरुजींचा आग्रह कंटाळवाणा मानूं नका. ती गुणांसाठीं करावयाची गोष्ट नव्हे. सर्वांच्या वाटेंत भोक दिसलें तर योग्य माणसाला तत्काळ सांगा. तें आपल्यालाच ठाऊक आहे याची मौज वाटून घेऊं नका. आणि कोणीं आपल्याला तसें सांगितलें, तर राग न मानतां त्याच दिवशीं कामाला लागा. चुका माणसाच्या हातून होतच राहतील. त्या चुकांचा अनर्थ होऊं द्यावयाचा कीं नाहीं, हें मात्र पुष्कळ अंशीं आपल्याच हातीं आहे.